कृष्णाबाईंचा उधार पेला

महिपतींनी धरमतरच्या खाडीकाठी चिखलाचे बांध घालून मिठागर उभे केले. त्यांचे चिरंजीव काळुराम यांनी ते उधाणाच्या पाण्याशी भांडून राखले. काळुरामांचे चिरंजीव जनू, म्हणजे माझे वडील, यांनी त्या मिठाला पेणच्या बाजारात नाव मिळवून दिले. आणि जनूंची थोरली लेक बायजा, म्हणजे मी, हिने मिठावर घडलेल्या त्याच जिभेने एक वेगळे काम केले. ते काम स्वस्तातली चांगली वाईन शोधण्याचे होते. कोणाला नवल वाटले तर वाटो. आमच्या घरात कामाची लाज कोणी बाळगली नाही आणि मीही बाळगणार नाही.

मीठ चाखायचे कसे, हे वडिलांनी मला लहानपणी शिकवले. खडा जिभेवर ठेवायचा, तोंड मिटायचे आणि थांबायचे. पहिली चव खारटच असते. ती कोणत्याही मिठाची असते. तिच्यावरून भाव करणारा व्यापारी हटकून फसतो. खडा विरघळून गेल्यावर मागे जे उरते, ते खरे मीठ. चांगल्या मिठाच्या शेवटी किंचित गोडवा येतो, वाईट मिठाच्या शेवटी कडवटपणा. वडील त्याला मिठाचे शेपूट म्हणत. "तोंड बघून घेऊ नको, शेपूट बघून घे," असे ते सांगत, आणि गिऱ्हाईक कितीही मोठे असले तरी त्याच्यासमोर सांगत.

आता उधारीची गोष्ट.

आमच्या गावात साखरपुड्याची एक रीत आहे. मुलाकडची मंडळी मांडवात बसली की मुलीच्या घरची थोरली सून विहिणीच्या हाती मानाचा पेला देते. विहीण तो रिकामा करून परत देते आणि त्यानंतरच पाने वाढली जातात. विहिणीने पेला न पिता परत केला, तर सोयरीक मोडली असे समजायचे. त्यावर पुन्हा बोलणे होत नाही. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा ही रीत जुनीच होती, आणि थोरली सून मीच होते.

माझी नणंद सीताबाई हिचा साखरपुडा १९६८ साली झाला. स्थळ रोह्याचे होते. घराणे मोठे, भातशेती भरपूर, पोह्यांची गिरणी स्वतःची. नवरदेवाची आई हयात नव्हती, म्हणून विहिणीचा मान त्याच्या थोरल्या वहिनीकडे होता. त्या कृष्णाबाई. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, उंच, आणि चालताना मांडवातल्या पुरुषांनी आपोआप वाट द्यावी अशा. त्या काळी दारूवर सरकारची बंधने होती. मानाच्या पेल्यासाठी आणि पाहुण्यांसाठी दारू आमच्या धाकट्या दिराने खाडीपलीकडून होडीत लपवून आणली. मी ती पेल्यात ओतली, पदर सावरला आणि विहिणीपुढे वाकून पेला दिला.

पेला माझ्या हातून त्यांच्या हाती गेला त्या क्षणी मला वास आला. ज्या डब्यातून दारू आली होती, त्यात आधी रॉकेल होते.

मांडवात सगळा गाव बसला होता. कृष्णाबाईंनी पेला नाकाजवळ नेला. त्यांना वास आला नसेल असे कोणी म्हणू नये. त्यांनी माझ्याकडे पाहिले, मग सीताबाईकडे पाहिले, आणि पेला एका दमात रिकामा केला. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही. पदराने ओठ टिपून त्या मोठ्याने म्हणाल्या, "झ्याक हाय गो. पन लय उष्ण हाय. आमचे पुरुष उन्हातून आलेत, त्यांना सोसायची नाय. त्यांना कोकमचं सरबत दे."

अशा रीतीने ती दारू दुसऱ्या कोणाच्या तोंडी गेली नाही, आणि पाने वाढली गेली.

जेवणे उरकल्यावर कृष्णाबाई हात धुण्याच्या निमित्ताने मागच्या पडवीत आल्या. माझा कान धरून म्हणाल्या, "डबा रॉकेलचा व्हता काय गो?"

मी पदर डोळ्यांना लावला.

"रडतेस कशाला? पोर नांदाला येईल आमच्याकडं, सुखात नांदेल. पन माझा एक पेला तुझ्याकडं राहिला. चांगला पेला. ध्यानात ठेव."

सीताबाई सुखात नांदली. कृष्णाबाईंनी ती गोष्ट रोह्यात कोणाला सांगितली नाही, सीताबाईलाही नाही. मात्र कुठल्याही बारशाला, लग्नाला, गणपतीला आमची गाठ पडली की गर्दीतून त्यांचा आवाज यायचा, "काय गो बायजा, माझा पेला?" लोकांना ती नुसती थट्टा वाटे. मीही हसत असे. पण घरी परतताना गाडीत तो पेला माझ्या मनातून जात नसे.

कोणी विचारील की एवढेच होते तर एखादी चांगली बाटली त्यांच्या घरी का पोचवली नाही. विचारणाऱ्याला उधारी कशाला म्हणतात ते कळत नाही. भर मांडवात, विहिणीच्या मानाने घेतलेला पेला होता तो. तो मांडवातच, विहिणीच्याच हातात परत द्यायला हवा होता. आणि दोन्ही घरांत पुन्हा सोयरीक व्हायला चाळीसहून अधिक वर्षे जावी लागली.

२०११ साली माझी नात हेमांगी हिला कृष्णाबाईंच्या नातवाने मागणी घातली. दोघे पनवेलला एकाच कॉलेजात होते. बाकीचे त्यांनी आपसात ठरवले होते, आम्हाला फक्त विचारल्यासारखे केले. मी होकार दिला तो मुलगा चांगला म्हणून. पण त्याच वेळी माझ्या मनात दुसराही हिशेब सुरू झाला. कृष्णाबाई अठ्ठ्याहत्तरच्या घरात होत्या. घरातली सर्वांत थोरली बाई म्हणून मानाचा पेला त्याच घेणार होत्या. यापुढे अशी संधी मिळणार नव्हती.

आणि नेमक्या त्याच वेळी मी माझ्याच हातांनी स्वतःला बांधून घेतले होते.

झाले होते असे. खाडीकाठच्या जमिनींना भाव आला आणि आमच्या गावात हळदीच्या मांडवात बाटल्यांची चढाओढ सुरू झाली. एकाने टेबलावर अमुक किमतीच्या मांडल्या की दुसरा त्याच्या दुप्पट किमतीच्या मांडायचा, आणि खोकी रस्त्यावरून दिसतील अशी रचायचा. जमिनी गेल्या, बाटल्या राहिल्या. तेव्हा मी महिला मंडळाची बैठक बोलावली आणि नियम केला. मांडवात कडक दारू बंद. द्यायची तर वाईन द्यावी, आणि तिचीही बाटली तीनशे रुपयांच्या वरची नसावी. जो मोडील त्याच्या घरी मंडळाची एकही बाई हळद दळायला जाणार नाही. पुरुषांनी आधी कुरकुर केली. हळद दळणारे हात कोणाचे असतात हे आठवल्यावर ते गप्प बसले.

तेव्हा कृष्णाबाईंना द्यायचा तो पेला तीनशे रुपयांच्या आतल्या बाटलीतला हवा होता, आणि तो खरोखर चांगला हवा होता. घशाखाली ढकलावा लागेल असा पेला त्यांनी एकदा घेतला होता. दुसऱ्यांदा त्यांना तो द्यायचा नव्हता.

माझी सून चंद्रावती हिला मी सांगितले, "पिशवी घे. पेणला जायचंय."

"बाजाराला?"

"वाईनच्या दुकानात."

चंद्रावतीने पिशवी घेतली, मग एक मोठी पिशवी घेतली, आणि काही न विचारता चपला घातल्या. म्हणूनच ती माझी सून आहे.

नऊवारी लुगड्यातली बाई सुनेला घेऊन दुकानाच्या काउंटरपाशी उभी राहिल्यावर तिथली गर्दी पाहता पाहता विरळ झाली. फक्त आमच्या भजनी मंडळातला कान्हू कोपऱ्यात अडकून पडला होता.

"काकी, मी... सुट्टे घ्यायला आलेलो."

"मिळाले का?"

"मिळाले."

"मग पिशवीत खणखणतंय ते काय? सुट्टे काय काचेचे झाले हल्ली?"

कान्हू पळाला. दुकानदार मोरू हा ओळखीतला, त्याचे वडील आमच्याकडून मीठ नेत. मी त्याला म्हटले, "तीनशेच्या आतली प्रत्येक जातीची एक बाटली दे."

"काकी, तुमच्या घरच्या कार्याला शोभायची नाय. ही बघा, जरा वरच्या भावाची..."

"किंमत मला वाचता येते, मोरू. चव वाचायची आहे. सांगितल्या तेवढ्या दे."

त्याने दर्शनी काचेच्या कपाटातून बाटल्या काढून दिल्या. बहुतेक लाल, एखाददुसरी पांढरी.

दुपारी आम्ही मागच्या पडवीत बसलो. चंद्रावतीने तव्यावर सुकट भाजली, कारण पेला म्हटला की आमच्या घरी सुकट आलीच; आजवर त्यात कोणाला चूक दिसली नव्हती. एक बाटली उघडली. सुकटीची चिमूट आणि वाईनचा घोट. मी तोंड वाकडे केले. चंद्रावतीनेही केले.

"आई, गंजका खिळा चोखल्यासारखं लागतंय."

दुसरी उघडली. पुन्हा खिळा. तिसरी तर नुसता खिळा नव्हे, त्याची पेटीच. एवढ्यात माझा पुतण्या पोपट शिफ्ट संपवून आला. १९६८ साली रॉकेलच्या डब्यातून दारू आणणाऱ्या दिराचा हा मुलगा. रोह्याच्या एका कंपनीत कामाला आहे, आणि साहेबांच्या पार्ट्यांना जाऊन आल्यापासून त्याला वाईनमधले सगळे कळते असा त्याचा समज आहे.

"काकी, तीनशेच्या वाईनमधी तू चव शोधतंस? भाकरीच्या पिठात काजू शोध, लवकर सापडतील."

"तुला काय हवंय?"

"माझ्याकडं साहेबांनी दिलेली लाल हाय. दोन हजारांची. ती कृष्णाआजीला पाज. लेबल काढून टाकू. तुझाच नियम, तुझंच घर, कोन विचारतो?"

"मी विचारीन," मी म्हटले. "पण आण ती. चांगली म्हणतात ती कशी लागते ते तरी कळू दे."

तो अभिमानाने बाटली घेऊन आला. पेल्यात ओतली, पेला गोल फिरवला, नाक आत घातले, डोळे मिटले. मग ताटलीतली सुकट तोंडात टाकून घोट घेतला, आणि त्याचे डोळे उघडले.

"काय झालं, भावजी?" चंद्रावतीने विचारले.

"उघडल्यावर जरा वारा लागायला हवा तिला."

"वारा लागून खिळ्याचं सोनं व्हतं काय?"

पोपट चिडून निघून गेला. चंद्रावती हसत होती. मी हसले नाही. महागाची आणि स्वस्ताची, दोन्ही जर सारख्याच वाईट लागत असतील, तर दोष बाटलीत नसतो. मी ताटलीकडे पाहिले. मासळी खाऊन आलेल्या माणसाला माझे वडील मिठाच्या राशीजवळ उभे राहू देत नसत. त्यांची मुलगी तोंडात सुकट घेऊन चव ठरवायला बसली होती. लाल वाईन आणि सुकी मासळी यांचे भांडण होते, आणि त्या भांडणात मी बिचाऱ्या बाटल्यांना शिव्या देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नुसते पाणी पिऊन बसलो. मी वडिलांसारखी चाखायला लागले. छोटा घोट, तोंड मिटून, थांबून. आता एकेकीचे रंग दिसू लागले. एक लाल वाईन तोंडात येताच गोड बोलली आणि जाताना घसा ओरबाडून गेली. दुसरीला वास मोठा, पण घोट गिळला की मागे काहीच नाही. पाहुणा मोठमोठ्याने बोलून निघून गेल्यावर ओसरी रिकामी वाटावी तशी. तिसरी शेवटी कडवट. मी एकेक बाजूला सारत गेले. लोक वाईनची किंमत देतात ती बहुधा तिच्या तोंडाची देतात, शेपटाची नव्हे, हे मला त्या सकाळी पटले.

उरली एक पांढरी. तिचा पहिला घोट उतरलेला, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा. चंद्रावतीने तीही सरकवली.

"थांब," मी म्हटले.

घोट गेल्यावर मागे काहीतरी राहिले होते. अगदी बारीक, स्वच्छ, आणि गोडाकडे झुकलेले. चांगल्या आगरातले मीठ उघड्यावर पडून मळले की असे होते. वरचा थर बिघडतो, आत मूळ शाबूत असते. मी बाटली उलटसुलट करून पाहिली. त्यावरचे साल तीन वर्षांपूर्वीचे होते, आणि ती दुकानाच्या पश्चिमेकडच्या काचेत उभी होती. रोज दुपारी तिच्यावर ऊन.

आम्ही पुन्हा पेणला गेलो.

"हीच जात," मी मोरूला म्हटले. "पण या वर्षीची, आणि काचेतली नको. आतल्या काळोखात खोके असेल त्यातली."

"काकी, तुम्हाला खोक्याचं कसं कळलं?"

"मिठाची रास आम्ही पेंढ्याखाली ठेवतो, मोरू. रस्त्यावर दिसावी म्हणून उन्हात नाही ठेवत."

तो आतून खोके घेऊन आला, तेव्हा त्यावर धूळ होती. "ही कोन नेत नाय इकडं," तो म्हणाला. "दोनशे चाळीसला देतो, तरी पडून हाय. आपल्या लोकांना लाल पायजेल. ही दिसायला पाण्यासारखी. मांडवात ठेवली तर मान दिसत नाय."

ती स्वस्त का होती, ते मला तिथे उभ्या उभ्या कळले. तिच्यात खोट होती म्हणून नव्हे. मान डोळ्यांनी मोजणाऱ्या लोकांत ती येऊन पडली होती, एवढेच.

घरी फ्रिज खाडीतल्या जिताडा माशाने भरला होता, म्हणून मी बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून माठाच्या बुडाशी उभी केली. संध्याकाळच्या आत ती गार झाली. चंद्रावतीने जिताड्याचे तिखट कालवण केले. रोह्याच्या पाहुण्यांसमोर तेच वाढायचे होते, तेव्हा परीक्षाही त्याच्याच संगतीने व्हायला हवी होती. कालवणाचा घास घेतला, आणि मग घोट.

तिखटाने पेटलेल्या जिभेवर ती वाईन अशी उतरली, जशी भर दुपारी खाडीवरून वाऱ्याची झुळूक येते. चिंचेच्या आंबटाशी तिचा आंबटपणा जुळला, तिखटाला तिने गोडव्याने समजावले, आणि घोट गेल्यावर तोंड स्वच्छ झाले. खिळा नाही, कडवटपणा नाही. मी डोळे मिटून तिचे शेपूट पाहिले. ते लांब होते, आणि गोड होते.

मी चंद्रावतीकडे पाहिले. तिचा पेला रिकामा होता.

"आई, मला नीट कळलं नाय. आनखी थोडी चाखावी लागंल."

"कळलंय तुला," मी म्हटले, आणि तिला आणखी थोडी दिली.

पोपटाला मी मुद्दाम बोलावून घेतले. दोन सारखे पेले, एकात त्याची दोन हजारांची, दुसऱ्यात माझी; दोन्हींवर फडके. समोर जिताड्याची वाटी. त्याने फडक्याखालून एक एक घोट घेतला आणि लगेच ओळखले. "ही माझी," तो म्हणाला, आणि बरोबर सांगितले. मी त्याला शाबासकी दिली. मग तो सोयरिकीच्या गोष्टी बोलत बसला, साहेबांच्या गोष्टी सांगत बसला, आणि बोलता बोलता त्याचा हात दर वेळी दुसऱ्या पेल्याकडे जात राहिला. वाटी संपली तेव्हा माझा पेला कोरडा होता आणि त्याचा भरलेला. चंद्रावतीने तो भरलेला पेला उचलून त्याच्यासमोर धरला.

"भावजी, ही तुमची राहिली. दोन हजार वाया जातील."

पोपट एवढेच म्हणाला, "काकी, खोकं कितीला पडलं?"

साखरपुडा दिवाळीनंतर ठरला. हमरापूरची सोयरी मंडळी गणपतीच्या मूर्ती घडवण्याच्या कामातून मोकळी झाली होती, शेतावरची कापणी उरकत आली होती. मांडव भरला. टेबलावर मी पाच-सहा बाटल्या फक्त मांडल्या, गोणपाटासकट. रोह्याच्या गाड्या आल्या. कृष्णाबाईंचा मुलगा उतरताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. तुमच्या गावचा नियम ठाऊक हाय. आमच्या माणसांसाठी गाडीत चांगली ठेवलेय, ती मांडवाबाहेर घेतील." मी म्हटले, "ठेवा." यापेक्षा जास्त बोलायची ती वेळ नव्हती.

कृष्णाबाई काठी टेकत आल्या. पाठ वाकली होती, पण पुरुषांनी वाट अजून तशीच दिली. त्या पाटावर बसल्या, आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला पेल्याविषयी विचारले नाही.

रीतीप्रमाणे पेला द्यायचा मान आता थोरल्या सुनेचा, म्हणजे चंद्रावतीचा होता. ती तबक घेऊन आली, माझ्यासमोर थांबली आणि तबक माझ्या हातात दिले. "आई, हा तुम्हीच द्या." तिला ती जुनी गोष्ट मी कधी सांगितली नव्हती. मात्र इतके दिवस माझ्याबरोबर बसून चाखताना तिने माझा चेहरा पाहिला होता.

मी वाकून पेला पुढे केला. मांडवात कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणाले, "पानी देतात काय?" कोणी तरी हसले.

कृष्णाबाईंनी पेला नाकाजवळ नेला. थोडा वेळ तिथेच ठेवला. मग प्यायल्या, सावकाश, थांबत, पूर्ण. पदराने ओठ टिपले. चेहऱ्यावरची एक रेष हलली नाही.

ज्या बाईने रॉकेल चेहरा न हलवता रिचवले होते, तिच्या चेहऱ्यावरून काय ओळखायचे? आमच्या घराची लाज राखण्यासाठी ती पुन्हा एकदा गप्प बसली असेल, तर माझी उधारी फिटण्याऐवजी दुप्पट होणार होती.

कृष्णाबाईंनी रिकामा पेला परत माझ्यापुढे धरला. मी तो घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी सोडला नाही.

"भर," त्या म्हणाल्या.

"विहीणबाई," मी खालच्या आवाजात म्हटले, "आज तोंडदेखलं नको. तुम्हाला सीताबाईची शपथ."

त्या हसल्या. दात उरले नव्हते, पण हसणे तेच होते. त्यांनी आवाज खाली आणला नाही. उलट मांडवाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा चढवला.

"अगो बायजा, तोंडदेखला पेला मानूस एकदा पितो. दुसरा पेला तोंडदेखला मागताना कोन बघितलायस तू? भर. आनि हितं माझ्या सुनांना दे, लेकींना दे, या पानी म्हननाऱ्याला पयला दे. काय भावाची हाय?"

मी पाठ ताठ केली आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे सांगितले, "दोनशे चाळीस रुपयांची."

मग रोह्याच्या बायकांमध्ये हशा उठला, आणि तो आमच्या बायकांमध्ये पसरला. चंद्रावती आणि पोपट पेले भरू लागले. ज्याने पाणी म्हटले होते त्याला पहिला पेला मिळाला. त्याने तो संपवला आणि गुपचूप रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभा राहिला. कृष्णाबाईंचा मुलगा पेला हातात धरून बाटलीवरचे लेबल वाचत होता. त्याच्याकडे काठी रोखून कृष्णाबाई म्हणाल्या, "गाडीतली तुझी गाडीतच ऱ्हाऊ दे. घरी गेल्यावर कोनाचे सांधे चोळायला उपयोगी येईल."

दुसरा पेला त्यांनी माझ्या हातून घेतला. या वेळी त्या घाईत नव्हत्या. एक घोट घेऊन त्यांनी डोळे मिटले, थांबल्या, आणि मग मला जवळ बसायला पाटावर जागा करून दिली. भर मांडवात, विहिणीच्या पाटावर, मी त्यांच्या शेजारी बसले.

"फिटला गो," त्या म्हणाल्या. "पुरता फिटला."